घुबड, गोटा आणि दुसरे रीळ

माझी बायको घुबडामुळे वाळत चालली होती आणि मी आर्णीच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. या दोन गोष्टी एकाच घरात नांदत होत्या, यावरून माझ्या सायन्सची घरात काय पत होती ते ओळखावे. वर्गात मी फुप्फुसांची चित्रे काढून फळा भरून टाकायचो आणि घरी आलो की ताटातली भाकरी जशीच्या तशी झाकून ठेवलेली दिसायची. वच्छला म्हणायची, "भूकच नाही लागून राह्यली." हे ती इतक्या शांतपणे म्हणायची, की भांडायलाही जागा उरत नसे.

झाले होते असे. मारोतरावांच्या आवारात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मारोतराव कापूसवाले शेतकरी. पुढे त्यांचे घर, मागे आमच्या खोल्या आणि मध्ये एक थोरली चिंच. त्या चिंचेच्या ढोलीत एक घुबड राहायचे. भाडे न देता राहणारे आवारातले ते एकटेच. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ते आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी येऊन बसले आणि वच्छलाकडे टक लावून पाहू लागले. वच्छला अमरावतीची. तिच्या माहेरी घुबडे नसावीत, निदान इतकी आगाऊ तरी नसावीत. तिने घाबरून हाताला लागला तो गोटा उचलला आणि फेकला. या बाईने आयुष्यात कधी कुत्र्याला नेमका दगड मारलेला नाही, पण तो गोटा घुबडाला बरोबर लागला. घुबड फडफडले आणि नदीच्या बाजूला उडून गेले.

हे इंदुताईंनी पाहिले. इंदुताई म्हणजे मारोतरावांची बायको. मनाने फार चांगली, आणि चांगल्या मनाच्या माणसाला गप्प बसवत नाही.

"काय केलं व बाई तुम्ही हे?" त्या ओट्यावरून ओरडल्या. "घुबडाले कोणी गोटा मारते काय? ते तो गोटा उचलून नेते अन् नदीत टाकते. मंग पाण्यात गोटा जसजसा झिजते, तसतसं मारणारं माणूस झिजते. आमच्या मामेसासऱ्याचं तसंच झालतं. चांगले पैलवान होते. शेवटी शेवटी धोतर कमरीले राहेना त्यायच्या."

दुसऱ्या दिवशी घुबड परत ढोलीत आले. गोटा मात्र सापडेना. मी सगळे आवार धुंडाळले, टोपलीभर गोटे गोळा केले आणि एकेक उचलून "हाच तो" म्हणून वच्छलाला दाखवला. तिने एकही कबूल केला नाही. चोराची ओळख पटवायला बोलावलेल्या साक्षीदारासारखी ती प्रत्येक गोट्याकडे नीट पाहायची आणि मान हलवायची. त्या दिवसापासून तिचे जेवण सुटले.

मी सायन्सचा माणूस. मी तिला समजावले, की अरुणावती नदीत आता पाणी आहेच कुठे? नुसती वाळू. गोटा झिजणार कशाने?

"डोहात असंन," ती म्हणाली.

मारोतराव बाजूला दाढी करत बसले होते. ते म्हणाले, "डोहातलं पाणी आटत नाही मास्तर. अन् वाहत्या पाण्यात गोटा लवकर झिजते, मोकया होते मानूस. डोहातला गोटा लई हयूहयू झिजते. तरास जास्त." एवढे बोलून त्यांनी गालाला साबण लावला. मला वाटते त्यांना धीरच द्यायचा होता.

डॉक्टरला दाखवले. त्याने छाती तपासली, डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि सांगितले, की दुखणे काही नाही. मग दुखणे नसण्यावर एक लाल बाटली दिली. बाटली संपली, वच्छलाच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मारोतराव म्हणाले, झाडच तोडून टाकू, त्यांना तसाही नव्या गोठ्याला लाकूडफाटा पाहिजे होता. त्यावर तांड्यावरून दूध आणणारा देवसिंग हातातले माप तसेच धरून म्हणाला, "असं नका करू मालक. घुबड गेलं तर गोटा वापस कोन आनंन? त्यानंच नेला, त्यानंच आनला पायजे." हे इंदुताईंना पटले, मारोतरावांना पटले आणि वच्छलाला तर इतके पटले, की ती रोज सांजवेळी दारात बसून घुबड ओरडण्याची वाट पाहू लागली. ओरडले की तिला बरे वाटायचे. म्हणजे आहे अजून, आणून देईल. एवढ्या सभेत माझे मत कोणी विचारले नाही.

अशात शाळेत एक सरकारी पत्रक आले. शाळांना दाखवण्यासाठी कोणकोणत्या फिल्मा मिळतात त्याची माहिती होती. त्यात एक नाव होते, 'सृष्टीचा तराजू'. रंगीत, प्राण्यांची हलती-बोलती चित्रे, दोन रिळे. खाली लिहिले होते, की कीटक, बेडूक, साप, उंदीर, घुबड हे एकमेकांवर कसे अवलंबून असतात ते यात मनोरंजक रीतीने दाखवले आहे. 'घुबड' हा शब्द वाचताच माझे डोळे उघडले. माझ्या तोंडचे जे तिला पटत नव्हते, ते सरकारच्या तोंडून पटेल. घुबड हा शेतकऱ्याचा मित्र, उंदीर खाणारा साधा पक्षी, हे ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि घरी येऊन दोन भाकरी खाईल. माझा हेतू एवढाच होता.

मी यवतमाळला गेलो. कचेरीचे नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा गेलो तर साहेब होते, पण शेतीच्या बाबूने सांगितले की घुबड जंगलाकडे येते. जंगलाच्या बाबूने विचारले, "झाड कुठे आहे? आवारात? मग आमच्या हद्दीत नाही." शिक्षणाच्या बाबूने विचारले, की घुबड कोणत्या इयत्तेला आहे. शेवटी साहेबांपुढे उभा राहिलो आणि चुकून खरे बोललो.

"बायकोला दाखवायची आहे?" साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, एका बायकोसाठी सरकार फिल्म पाठवत नसते. सार्वजनिक कार्यक्रम करा. गाव जमवा. तुमच्या मिसेस त्यात बसतील."

म्हणून मी गाव जमवला. दवंडी दिली, बाजाराच्या पटांगणात जागा धरली. पडदा कचेरीने पाठवला नाही, कारण पडदा दुसऱ्या विभागाचा होता. माझी दोन धोतरे जोडून पडदा केला. एका धोतराला वच्छलाने लावलेले ठिगळ होते, ते बरोबर चित्रातल्या आभाळात आले. सगळी आर्णी, शेजारची खेडी आणि देवसिंगचा अख्खा तांडा माझ्या धोतराकडे तोंड करून बसला. हायस्कुलातल्या मास्तरची अब्रू याहून उघडी कशी पडते, मला माहीत नाही. कचेरीच्या गाडीबरोबर आलेल्या ऑपरेटरने गाडीतले इंजिन सुरू केले.

फिल्म मात्र सुंदर होती. आधी हिरवी ज्वारी डोलली. त्या ज्वारीच्या कणसावर नाकतोडा चढला, नाकतोड्याच्या खांद्यावर बेडूक, बेडकाच्या खांद्यावर साप, दुसरीकडे ज्वारीवर उंदीर, आणि सगळ्यांच्या वर, टोपी सांभाळत, जाडेजुडे घुबड. सगळ्यांचा मिळून एक मनोरा. उरुसातल्या सर्कशीची आठवण येऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदक हिंदीत सांगत होता, की यातला एक काढला तर सगळे कोसळते. मी वच्छलाकडे पाहिले. ती पदर तोंडाशी धरून पाहत होती. तिला आवडत होते! मला वाटले, जिंकलो.

तेवढ्यात चित्रातला शेतकरी आला. पोट सुटलेला, मिशा वळवलेला. घुबडाच्या आवाजाने त्याची झोप मोडली. तो वाकला, त्याने एक गोटा उचलला आणि घुबडाला फेकून मारला.

 मग इंदुताईंचा आवाज आला, "मारला व माय!"

घुबड उडून गेले. मनोरा कोसळला. टोप्या घातलेले उंदीर ज्वारीत नाचू लागले आणि पहिले रीळ संपले. ऑपरेटरने दुसरा डबा उघडला, रीळ चढवले. पडद्यावर एक माणूस विहिरीत औषध टाकताना दिसला. डबा बदलला होता. 'तराजू'चे दुसरे रीळ जिल्ह्यात कुठेतरी फिरत होते. ऑपरेटर म्हणाला, पाहिजे तर विहीर पाहा. लोकांनी विहीर पाहिली नाही. सगळा गाव मला घेरून एकच प्रश्न विचारू लागला, "त्या मानसाचं पुढं काय झालं?"

मी फिल्मसोबत आलेल्या पुस्तिकेतून वाचून दाखवले, की शेवटी सर्व काही सुरळीत होते. कोणाचा विश्वास बसेना. घरी आल्यावर वच्छला म्हणाली, "सुरयीत म्हंजे काय? जगते का मरते?"

"जगतो. फिल्म आहे ती, वच्छला."

"मले पाहल्याबिगर खरं नाही वाटत." आणि तिने ताट सरकवले. घुबडाची भीती घालवायला मी फिल्म आणली होती. आता तिला घुबडाच्या जोडीला त्या मिशीवाल्याचीही काळजी लागली. तो जगला तर ती जगणार होती.

पुढचे दिवस कसे काढले ते माझे मला माहीत. बस थांब्यावर, न्हाव्याकडे, जिनिंगवर, सगळीकडे तोच प्रश्न. वर्गात आम्लाची व्याख्या विचारली तर पोरे विचारायची, "गुर्जी, तो शेतकरी झिजला का?" देवसिंगने सांगितले, की तांड्यात दोन तट पडलेत आणि एका तटाने दुसऱ्या तटाशी बोलणे टाकले आहे. मारोतराव रोज दाढी करताना वच्छलाकडे पाहून मग आरशात पाहायचे. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले, की गावात अंधश्रद्धा पसरवणे सायन्स शिक्षकाला शोभत नाही.

मी पुन्हा यवतमाळला. साहेबांनी सांगितले, की रीळ सापडले आहे, मारेगावकडून आले, पण गाडी नुसती फिल्म घेऊन निघत नाही, सोबत काही तरी मोहीम पाहिजे. देवीची लस टोचून झाली होती. खताची मोहीम पुढच्या महिन्यात. "उंदीर निर्मूलन सप्ताह आहे," साहेब म्हणाले. "त्यात तुमचे घुबड बसते. दोघेही उंदरांच्या विरुद्धच." मी इतका खूश झालो, की साहेबांना नमस्कार केला. सायन्स आणि सरकार पहिल्यांदाच एका गाडीत बसून आर्णीला येत होते, आणि ते माझ्या खटपटीने.

गाडी आली. भोंग्यावरून गाणी वाजली, सूचना झाल्या आणि घरोघर औषधाच्या गोळ्या फुकट वाटल्या. कणगीखाली ठेवा, बिळात टाका, हात धुवा. फुकट म्हटल्यावर मारोतरावांनी दोन घरांच्या घेतल्या, एक त्यांची आणि एक आमची. फिल्म सप्ताहाच्या शेवटी दाखवायची होती. तोवर आवारात उंदीर दिवसाउजेडी बाहेर येऊ लागले, झिंगल्यासारखे चालत, कुठेही आडवे होत. इंदुताई खराट्याने लोटत सुटल्या. संध्याकाळी घुबड चिंचेवरून अलगद खाली यायचे आणि न पळणारा उंदीर उचलून न्यायचे. असे काम त्याला आयुष्यात कधी इतके सोपे गेले नसेल. मी वच्छलाला दारात बोलावून बोट करून दाखवले. "पाहा, कसं मेहनतीनं काम करते ते! शेतकऱ्याचा मित्र!" ती पाहत राहिली. म्हणाली, "जेवून तर राह्यलं बिचारं."

शेवटच्या संध्याकाळी पटांगण पहिल्यापेक्षा जास्त भरले. नेरचे लोकही बसने आले होते. धोतरांचा पडदा पुन्हा लागला. आणि दुसऱ्या रिळात पहिल्यांदा काय दिसावे? शेतकरी वाळू लागला. आधी पोट गेले, मग गाल गेले, मिशा खाली आल्या, आणि शेवटी तो हातातल्या काठीएवढा बारीक झाला.

"झिजला!" इंदुताई उभ्या राहिल्या. "पाहा! मी काय म्हणत होतो?"

मी धावत भोंग्याकडे गेलो. ओरडून सांगितले, की उंदरांनी ज्वारी खाल्ली, ज्वारी नाही म्हणून तो उपाशी, उपाशी म्हणून बारीक, यात गोट्याचा काही संबंध नाही. हे पडद्यावर स्पष्ट दिसतही होते. पण तेवढ्या गर्दीत ते पाहणारा मी एकटाच. वच्छलाच्या चेहऱ्याकडे पाहवेना. ती त्या काठीएवढ्या माणसाकडे पाहत होती आणि एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट मोजत होती.

मग शेतकऱ्याने शेतात एक उंच खांब रोवला, हात जोडले. आभाळातून घुबड आले. अगदी माझ्या ठिगळाजवळून आले. खांबावर बसले. उंदीर पळाले, ज्वारी उभी राहिली, मनोरा पुन्हा रचला गेला आणि शेतकऱ्याला भराभर पोट सुटले. पटांगणाने एकदम श्वास सोडला. देवसिंग तांड्याच्या घोळक्यातून ओरडला, "आनला! गोटा वापस आनला त्यानं!" फिल्ममध्ये कुठेही गोटा परत आलेला नव्हता. पण तो सगळ्यांनी पाहिला. वच्छला हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसली.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली, झुणका केला आणि माझ्याबरोबर जेवायला बसली. एक भाकरी संपवून दुसरी घेतली. "आपलं घुबड हाये नं झाडावर?" तिने विचारले.

"आहे ना."

"मंग आणंन ते. आज नाही तं उद्या."

सायन्स हरले होते, हे मला कळत होते. पण बायको जेवत होती. मी सायन्सच्या वतीने हार मानली आणि ताक प्यालो.

सकाळी ती उठण्याआधी मी पाणी काढायला गेलो. चिंचेखाली घुबड पडले होते. पंख पसरलेले, एक डोळा उघडा, चोचीत उंदराची शेपटी. उचलले तर इतके मोठे दिसणारे ते घुबड हाताला काहीच लागले नाही, नुसती पिसे. मी तिथेच उभा राहिलो. ज्वारी, उंदीर, घुबड. हे मी फळ्यावर किती वेळा काढले होते, मध्ये बाण काढून. त्या गोळ्या त्याच बाणांवरून चालत आल्या होत्या आणि त्यांना रस्ता दाखवायला गाडी मी आणली होती. मला रडू आले. घुबडासाठी, वच्छलासाठी, की माझ्या फळ्यासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. पडद्याचे ते ठिगळाचे धोतर मी फाडले, त्यात त्याला गुंडाळले आणि कडब्याच्या गंजीमागे खड्डा करून पुरले.

संध्याकाळी वच्छला ताट वाढून दारात बसली. अंधारून आले. "आज ओरडलं नाही जी," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने भाकरीवर ताट पालथे घातले. ते पालथे ताट मला दिसले आणि माझे पाय आपोआप उठले. मारोतरावांकडे काम आहे म्हणून मी बाहेर पडलो, गंजीमागे गेलो, इकडेतिकडे पाहिले आणि घुबडासारखा ओरडलो. पहिल्यांदा खोकलाच निघाला. दुसऱ्यांदा बरे जमले. परत आलो तेव्हा ताट रिकामे होते.

तेव्हापासून हे काम माझ्या मागे लागले. शाळा सुटली की वह्या तपासायच्या, मग उद्याचा धडा पाहायचा, आणि सांज झाली की गंजीमागे जाऊन ओरडायचे. एकदा मारोतराव कडबा काढायला आले आणि त्यांनी मला पाहिले.

"काहून मास्तर?"

"घसा साफ करून राह्यलो."

त्यांनी कडब्याची पेंढी उचलली आणि ते गेले. पण दुसऱ्या दिवसापासून इंदुताईंनी आमच्याकडे ताकाचा तांब्या पाठवणे सुरू केले. घसा फार वाईट गोष्ट आहे, असा निरोप असायचा. वच्छलाच्या बांगड्या कोपरावरून खाली आल्या. चिंच मुकी राहिली. उन्हाळ्यात उंदीर परत आले, आधीपेक्षा जास्त. कणगीत ते नाचायचे तेव्हा मला त्यांच्या टोप्या दिसायच्या.

पुढच्या थंडीत मला ताप भरला. घसा पार बसला, शब्द फुटेना. संध्याकाळ झाली. वच्छला दारात ताट घेऊन बसली होती आणि मी खाटेवरून छताकडे पाहत होतो. अंधार पडला. मला उठवेना. ती उठली, आत आली आणि हळदीचे गरम दूध माझ्या हातात दिले.

"आज घुबडाचा घसा बसला वाट्टे," ती म्हणाली. मग ताट समोर ओढून माझ्याकडे पाहत जेवू लागली. "पिऊन घ्या. मी जेवतो तरी. तुमी नाही ओरडले तरी जेवतो." तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती घास घेत होती. मी विचारायला तोंड उघडले, पण आवाज नव्हता.

बरा झाल्यावर सांजेला सवयीने गंजीमागे गेलो. जिथे घुबड पुरले होते, तिथे एक गोटा ठेवलेला होता. गुळगुळीत, मुठीएवढा, पाण्यात झिजल्यासारखा. गेल्या वर्षी मी टोपलीभर दाखवले होते, त्यांतला हा नव्हता. हा कोणी ठेवला, ते मी वच्छलाला विचारले नाही. गोट्याशेजारी उभा राहून मी ओरडलो. एक घुबड ओरडले की दुसरे कुठून तरी ओ देते, असे मी मुलांना शिकवतो. मी थोडा वेळ थांबलो. नदीच्या बाजूलाही कान लावला. कोणी ओ दिली नाही. मग घरात जाऊन जेवायला बसलो.